व्हिक्टोरियन काळातला फ्लॅट : काय जपावं, काय बदलावं?

केतकीबन
आम्ही ग्लासगोच्या वेस्ट एंडला टेनेमेंटमधला, म्हणजे जुन्या दगडी सामायिक इमारतीतला, फ्लॅट घेतलाय. इमारत १८९० च्या दशकातली, लाल वालुकाश्माची, चार मजली. आमचा दुसरा मजला. पुढच्या खोलीला बे-विंडो (बाहेर आलेली खिडकी), छताला कडेने कॉर्निस, म्हणजे गिलाव्याची नक्षीदार पट्टी, आणि मधोमध सीलिंग रोझ, म्हणजे दिव्याभोवतीची गोल नक्षी. त्यावर रंगाचे इतके थर चढलेत की ती पानं आहेत की फुलं, ओळखू येत नाही. स्वयंपाकघरात बेड रिसेस आहे, म्हणजे पूर्वी पलंग बसवायचे तो भिंतीतला खोल कोनाडा. खाली क्लोजमध्ये, म्हणजे सामायिक वाटेवर, कमरेच्या वरपर्यंत हिरव्या चकचकीत टाइल्स आहेत. घर बघताना मी त्या टाइल्सपाशीच हो म्हणून टाकलं होतं.

इमारत लिस्टेड (संरक्षित यादीतली) नाही, पण भाग कॉन्झर्वेशन एरियात, म्हणजे जुनं रूप जपायच्या परिसरात, येतो.

आता पेच. ज्या कंत्राटदाराला बोलावलं त्याची यादी अशी : लाकडी खिडक्या काढून यूपीव्हीसीच्या (प्लास्टिकच्या), छत दीड फूट खाली, भिंतींचा जुना गिलावा खरवडून प्लास्टरबोर्ड, स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांमधली भिंत पाडून एक मोठी खोली, फायरप्लेस बंद. नवऱ्याला यातलं निम्मं पटलंय, कारण घर थंड आहे आणि घरात दोन लहान मुलं आहेत. मला वाटतं एवढं सगळं केलं तर हे घर घेतलंच कशाला? पण नुसतं 'वाटतं' म्हणून भागणार नाही. ज्यांनी अशा घरात काम केलंय त्यांनी सांगा : काय हात न लावता ठेवावं, काय खुशाल बदलावं, आणि सुरुवात कुठून करावी?

भटकभवानी
अभिनंदन! आधी कॉर्निसचे फोटो टाका. आणि कंत्राटदार बदला.

दगडफूल
केतकी, मी एडिंबरात जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीचंच काम करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. सगळे कॉर्निस आणि फायरप्लेसपासून सुरुवात करतात. मी भिंतीपासून करणार आहे.

तुमची बाहेरची भिंत साधारण दोन फूट जाडीची असेल. दगड चुन्यात बांधलेला. आतल्या बाजूला गिलावा थेट दगडावर केलेला नसतो. दगडाला उभ्या लाकडी फळ्या ठोकतात, त्यांवर आडव्या बारीक पट्ट्या, आणि त्या पट्ट्यांवर चुन्याचा गिलावा. मधे एक-दोन इंचांची पोकळी राहते. पाऊस वाऱ्याबरोबर दगडात मुरतो, चुन्याच्या दर्जांमधून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांमधून, परत बाहेर सुकतो, आणि आत जे काही थोडं येतं ते त्या पोकळीतल्या हवेने वाळतं. ही सगळी रचना ओलावा आत-बाहेर जाऊ देण्यावर उभी आहे.

यात बिघाड कसा होतो? कोणीतरी दर्जा सिमेंटने भरतं. सिमेंट दगडापेक्षा घट्ट, त्यामुळे पाणी दर्जेतून निघायच्या ऐवजी दगडातून निघू लागतं आणि दगडाचे पोपडे सुटतात. आतून कोणीतरी प्लास्टिकसारखा रंग मारतं, पोकळी बंद करतं. मग भिंतीत रोवलेली तुळयांची टोकं ओली राहतात आणि कुजतात. ड्राय रॉट (लाकूड कुजवणारी बुरशी) एकदा लागला की तो गिलाव्यामागून सरकत पुढच्या खोलीत जातो.

म्हणून माझा क्रम असा : आधी छप्पर, पन्हळी, पाण्याचे उतरते पाइप, बाहेरच्या दर्जा. मग आतली ओल सुकू द्या. मग खिडक्या. रंग आणि फर्निचर अगदी शेवटी. दुसऱ्या मजल्यावर राहत असाल तरी छप्पर तुमचंही आहे. टेनेमेंट्स (स्कॉटलंड) ॲक्ट २००४ प्रमाणे छप्पर, बाहेरच्या भिंती, पाया ही सगळ्यांची जबाबदारी असते, आणि मालकीपत्रात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर दुरुस्तीचा निर्णय बहुमताने घेता येतो. तुमच्या फॅक्टरकडून, म्हणजे इमारतीची देखभाल बघणाऱ्या व्यवस्थापकाकडून, मागच्या काही वर्षांच्या दुरुस्तीच्या नोंदी मागवून घ्या.

गिलावा खरवडायचा तर अजिबात नाही. जिथे पोकळ वाजतो तिथेच दुरुस्त करा.

रोखठोक
मी जरा उलट बाजू मांडतो. घर राहण्यासाठी असतं. त्या काळी लोक प्रत्येक खोलीत कोळसा जाळत, घरातही लोकरीचे थर घालून बसत, आणि एका कोनाड्यात चार-चार मुलं झोपत. त्या जगण्यासाठी ते घर बांधलं होतं. आपण तसे जगत नाही. हीटिंगचं बिल दर महिन्याला येतं आणि कॉर्निस ते भरत नाही. केतकीताईंच्या नवऱ्याचं म्हणणं मला रास्त वाटतं.

शिवाय व्हिक्टोरियन लोकांनी तरी कुठे काही जपलं? जुनं पाडून पाडूनच त्यांनी ग्लासगो उभं केलं.

सायलीएम
रोखठोक, थंडीचा मुद्दा खरा आहे. पण त्यावर पहिला उपाय यूपीव्हीसी हे मात्र मला मान्य नाही. आमचा फ्लॅट ग्लासगोतच डेनिस्टनला, खिडक्या अशाच सॅश अँड केस, म्हणजे वर-खाली सरकणाऱ्या.

हिस्टॉरिक स्कॉटलंड या जुन्या वास्तू बघणाऱ्या सरकारी संस्थेने ग्लासगो कॅलेडोनियन युनिव्हर्सिटीकडून जुन्या एकेरी काचेच्या खिडकीवर मोजमापं करून घेतली होती. जाड पडदे लावले तर काचेतून जाणारी उष्णता सुमारे १४ टक्के कमी होते. आतल्या लाकडी झडपा लावल्या तर ५१ टक्के. आतून दुसरी काच बसवली तर ६३ टक्के. म्हणजे मूळ खिडकी जागची न हलवता निम्म्याहून जास्त काम होतं.

आणि झडपा बहुतेक तुमच्या घरात आहेतच! खिडकीच्या दोन्ही बाजूंना लाकडी चौकटी दिसतात ना, त्या नीट बघा. पुष्कळ घरांत झडपा त्या खोबणीत दुमडून ठेवलेल्या असतात आणि वर रंग मारून मारून त्या चिकटून गेलेल्या असतात. आमच्या सुताराने पातळ पात्याने रंगाची रेघ कापली आणि सगळी घडी बाहेर आली. बिजागऱ्या पितळी, एक सोडून सगळ्या चालू. रात्री झडपा लावल्या की खोलीतला फरक अंगाला कळतो.

बाकी खिडकीत काय केलं ते सांगते. दोऱ्या तुटल्या होत्या, त्या बदलल्या. खिडकीच्या पेटीत बिडाची वजनं लोंबत असतात, ती सरकून खिडकी हलकी उचलते. खालच्या आडव्या लाकडाला कूज होती, तेवढाच तुकडा कापून नवा सांधला. फटींना ब्रशच्या पट्ट्या बसवल्या. वारा जो येत होता तो काचेतून येतच नव्हता, फटींतून येत होता. आमच्या खिडक्यांना सिम्प्लेक्स बिजागऱ्या आहेत, त्यामुळे खालचा भाग आत उघडतो आणि बाहेरची काच घरात उभं राहून पुसता येते. तुमच्याकडे त्या असतील तर जपा.

दुहेरी काच हवीच असेल तर त्याच लाकडी चौकटीत पातळ व्हॅक्युम ग्लेझिंग (मधली हवा काढलेली दुहेरी काच) बसतं. मात्र काच जड झाली की वजनंही वाढवावी लागतात, नाहीतर खिडकी वर थांबत नाही. आणि कॉन्झर्वेशन एरिया आहे तर खिडक्यांना हात लावण्याआधी कौन्सिलच्या प्लॅनिंग विभागाला लेखी विचारा. शेजाऱ्याने बदलल्या म्हणून आपल्यालाही चालतील असं धरून चालू नका.

भटकभवानी
सायली +१. झडपा सापडल्या का ते केतकीने आजच बघून सांगावं. आम्ही वाट बघतोय!

केतकीबन
सापडल्या!! पुढच्या खोलीत तिन्ही खिडक्यांना आहेत. वाकवून बघितलं तर मागे लाकडाचा मूळ रंग दिसतोय. नवऱ्याने टॉर्च धरला होता, तोही आता खिडक्यांच्या बाबतीत जरा विरघळलाय.

भिंतीचं काय करू? स्वयंपाकघर अंधारं आहे, उजेड पुढच्या खोलीतून आला तर बरं होईल.

चहाबिस्किट
भिंतीबद्दल जाणकार सांगतील. बेड रिसेसबद्दल माझं मत : तो बुजवू नका. आमच्याकडे त्यात जेवणाचं टेबल आणि तीन बाजूंनी बाकं बसवली आहेत, खाली सामान ठेवायला खण. सगळे पाहुणे दिवाणखाना सोडून तिथेच येऊन बसतात आणि मग कोणी उठतच नाही. 🙂

वजनकाटा
मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, इथल्या टेनेमेंट्सचं बरंच काम केलंय. केतकीताई, भिंत न बघता कोणी 'पाडा' म्हणालं असेल तर त्या माणसाकडून भिंतीचं काम करून घेऊ नका.

टेनेमेंटमध्ये आतल्या पुष्कळ भिंती वरच्या मजल्यांचा भार घेतात. तुमच्या डोक्यावर वरचं बांधकाम आणि छप्पर आहे. शिवाय स्वयंपाकघर आणि खोली यांमधल्या भिंतीत फायरप्लेस असेल तर त्याच भिंतीतून खालच्या फ्लॅटची धुराडी वर गेलेली असतात. बाहेरून नुसती भिंत दिसते, आत बोळ असतात.

कायद्याच्या दोन गोष्टी. भार घेणारी भिंत काढायला कौन्सिलचं बिल्डिंग वॉरंट (बांधकामाची लेखी परवानगी) लागतं, आणि ते काम सुरू करण्याआधी मिळालेलं असावं लागतं. दुसरं, दगडफूलनी उल्लेख केलेल्या २००४ च्या कायद्यातच अशी तरतूद आहे की इमारतीचा आधार किंवा निवारा बिघडेल असं काही कोणत्याही मालकाने आपल्या फ्लॅटमध्ये करू नये. वॉरंट नसलेलं काम घर विकताना हमखास वर येतं.

उजेडच हवा असेल तर सोपा मार्ग आधी बघा. स्वयंपाकघराच्या दारावर झरोका आहे का? पुष्कळ ठिकाणी तो फळी मारून बंद केलेला असतो. तो उघडून काच बसवली की हॉलमध्येही, म्हणजे दारापासूनच्या पॅसेजमध्येही, उजेड पोचतो.

तळमजला
मी एक विनंती करायला आलोय, खालच्या माणसाच्या बाजूने.

या इमारतींत जमिनीच्या फळ्यांखाली, तुळयांच्या मधे, राख आणि खडीचा थर असतो. त्याला इथे डेफनिंग म्हणतात. बघताना तो कचरा वाटतो. तो आवाज अडवण्यासाठी मुद्दाम भरलेला असतो. आमच्या वरच्या फ्लॅटच्या आधीच्या मालकांनी पाइप टाकताना पोत्यांनी तो बाहेर काढला, वर गालिचा काढून फळ्या घासून पॉलिश केल्या. दिसतात सुंदर, मी पाहिल्यात. पण त्या दिवसापासून वरच्या घरात चमचा पडला तरी मला कळतं. मुलं धावतात तेव्हा आमच्या सीलिंग रोझवरचा दिवा हलतो. मुलांचा काय दोष? तो थर परत भरायचा तर सगळी जमीन उघडावी लागेल, आणि ते आता कोणी करणार नाही.

तेव्हा केतकीताई, पाइप आणि वायरी टाकायच्या असतील तर जेवढी फळी उचलाल तेवढ्यातली राख बाजूला काढून ठेवा आणि परत भरा. प्लंबरने तुळईला खोल खाच मारू नये हेही बघा. मूळ फळ्या उघड्या ठेवायच्या असतील तर मुलांच्या खोलीत तरी जाड गालिचा असू द्या. खालच्यांना काम सुरू होण्याआधी एकदा भेटून या.

केतकीबन
तळमजला, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. कंत्राटदाराच्या यादीत 'फळ्यांखालचा राडा काढणे' असं लिहिलंय. ते आजच खोडते.

इतिहासवेडा
थोडं अवांतर, पण कामाचं. केतकी, काम सुरू करण्याआधी बकल्यू स्ट्रीटवरचं टेनेमेंट हाउस बघून या. नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. इमारत १८९२ ची, म्हणजे तुमच्याच वयाची. तिथे ॲग्नेस टोवर्ड नावाच्या टायपिस्ट बाई १९११ पासून १९६५ पर्यंत राहिल्या, आणि त्यांनी घरात जवळपास काही बदललं नाही. गॅसचे दिवे, बिडाची शेगडी, स्वयंपाकघरातच कोळशाची पेटी, बेड रिसेसमधला पलंग, सगळं जागेवर आहे.

मी तिथे गेल्यावर माझं एक मत बदललं. मला वाटायचं व्हिक्टोरियन घर म्हणजे काळोखं, गच्च. पण उंच छत, उंच खिडकी आणि बऱ्याच ठिकाणी फिकट रंगाची भिंत, यामुळे दिव्याशिवायही दुपारी खोली उजळलेली असते. छत दीड फूट खाली आणलं तर खिडकीच्या वरच्या भागातून येणारा हा उजेडच तुम्ही कापता.

रोखठोक, तुमच्या त्या विधानाबद्दल : व्हिक्टोरियन लोकांतही हा वाद पेटलेला होता. डिझायनर-लेखक विल्यम मॉरिस वगैरे मंडळींनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी सोसायटी काढली. त्यांचा राग पाडणाऱ्यांइतकाच 'जीर्णोद्धार' करणाऱ्यांवर होता. जुनी चर्चेस खरवडून मध्ययुगात ती कशी असतील याची कल्पना करून नवी घडवत, त्यावर. त्यांचं म्हणणं होतं, रोजची डागडुजी करा म्हणजे जीर्णोद्धाराची वेळ येणार नाही.

रोखठोक
हे माहीत नव्हतं, धन्यवाद. झडपांचे आकडेही पटले. पण मग मला एक विचारायचंय, आणि मनापासून विचारतोय. आमच्या फ्लॅटमध्ये मागच्या खोलीचं कॉर्निस पूर्वीच कोणीतरी अर्धं काढून टाकलंय. ते नव्याने करायचं की नाही? मॉरिसच्या हिशेबाने नवं कॉर्निस म्हणजे खोटंच ना?

इतिहासवेडा
माझ्या मते करू नये. जे गेलं ते गेलं. तिथे साधी पट्टी द्या, म्हणजे नवं कुठलं आणि जुनं कुठलं ते कळेल.

दगडफूल
इथे मी इतिहासवेडांशी असहमत. अर्ध्या खोलीत मूळ नमुना शिल्लक आहे, म्हणजे कल्पना लढवायची गरजच नाही. त्या नमुन्याचा छेद पत्र्यात कापून साचा बनवतात आणि ओला गिलावा त्या साच्याने ओढत नेतात. मूळ कारागिरांनी हेच केलं होतं. पाना-फुलांचे तुकडे मात्र वेगळे ओततात आणि चिकटवतात. काहीच शिल्लक नसतं आणि कॅटलॉगमधून थर्मोकोलची पट्टी आणून चिकटवली असती, तर मीही नको म्हटलं असतं.

केतकी, तुमच्या कॉर्निसवरच्या थरांबद्दल. ओलं बोट घासून बघा. खडूसारखी पांढरी भुकटी लागली तर खाली डिस्टेंपर (खडूचा जुना रंग) आहे, तो पाण्याने आणि वाफेने हळूहळू निघतो. त्याच्यावर आधुनिक इमल्शन मारलं तर ते धरत नाही, पोपडे येतातच. तेलरंगाचे थर असतील तर लेप लावून काढावे लागतात. खरवडणी हातात घेऊ नका, नक्षी जाते.

आणि मुलं आहेत म्हणून ठळकपणे : जुन्या तेलरंगात शिसं असतं. खिडक्या, दारं, स्कर्टिंग यांचा रंग कोरड्या सँडपेपरने घासायचा नाही, जोराची गरम हवाही मारायची नाही. ओलं करून किंवा लेपाने काढा, आणि त्या दिवसांत मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका. विसाव्या शतकात कोणी दारांवर सपाट बोर्ड ठोकले असतील किंवा छताला खडबडीत नक्षीचा थर दिला असेल तर ते तोडण्याआधी ॲस्बेस्टॉसची तपासणी. इथे त्यावर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली.

सायलीएम
दगडफूल, शिशाचं निघालंच आहे तर पाण्याचे पाइपही. ग्लासगोला १८५९ पासून लॉक कॅट्रिन या तळ्याचं पाणी येतं. ते इतकं मऊ की शिशाच्या पाइपमधून शिसं विरघळवतं. आता पाण्यावर त्यासाठी प्रक्रिया करतात, पण घरात जुना करड्या रंगाचा मऊ पाइप उरला असेल तर तो बदलाच. हे जपायच्या यादीत नाही!

चहाबिस्किट
एक प्रश्न माझाही. फेब्रुवारी २०२२ पासून स्कॉटलंडमध्ये सगळ्या घरांत एकमेकांना जोडलेले आगीचे अलार्म लागतात ना? दिवाणखाना, हॉल आणि स्वयंपाकघर. त्यासाठी आमच्या छतात खाचा माराव्या लागतील असं एकजण म्हणतोय.

वजनकाटा
खाचांची गरज नाही. सीलबंद बॅटरीवाले, रेडिओने जोडलेले अलार्म चालतात, दोन स्क्रूंचं काम. छतात भोक पाडण्याआधी एवढं बघा की सीलिंग रोझच्या वर जुना गॅसचा पाइप असू शकतो. बहुतेक ठिकाणी तो केव्हाच तोडलेला असतो, तरी खात्री करून घ्यावी.

भटकभवानी
धागाकर्तीचा मूळ प्रश्न होता सुरुवात कुठून करायची. केतकी, काय ठरलं?

केतकीबन
ठरलंय! त्या कंत्राटदाराला नाही म्हणून कळवलं. फॅक्टरकडून नोंदी आल्या, मागची पन्हळ बरेच दिवस गळते आहे आणि तेवढ्याच भागात आमच्या झोपायच्या खोलीच्या कोपऱ्यात ओल आहे. शेजाऱ्यांची बैठक पुढच्या आठवड्यात आहे, आधी ते काम. मग एका सॅश-खिडक्यांच्या सुताराकडून झडपा आणि फटी. पुढच्या खोलीला आतून दुसरी काच थंडी बघून ठरवू. भिंत राहणार. स्वयंपाकघराच्या दारावर खरंच झरोका निघाला, हार्डबोर्डमागे! छत जिथे आहे तिथेच. स्वयंपाकघरातली कपाटं, बाथरूम, वायरिंग, पाण्याचे पाइप मात्र सगळं नवं करतोय आणि त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही. नवऱ्याला एकच गोष्ट हवी होती, बेड रिसेसमध्ये त्याचं टेबल. ते मिळालं त्याला.

एकच शेवटचं विचारते. फायरप्लेस वापरणार नाही. धुराड्यातून फार वारा येतो. वरून-खालून बंद करून टाकू का?

दगडफूल
वापरात नसलेलं धुराडंही हवेशीर राहावं लागतं, नाहीतर आत ओल धरते आणि चिमणीच्या भिंतीवर तपकिरी डाग उमटतात. वर पाऊस अडवणारी, हवा जाऊ देणारी टोपी बसवून घ्या. पन्हळीच्या कामासाठी परांची लागणारच आहे, त्यातच ते होईल. खाली शेगडीच्या तोंडाला लोकरीचा काढता येणारा बोळा मिळतो, तो बसवा. त्यातून थोडी हवा जाते, वारा येत नाही. कधी धुराडं वापरायचंच ठरवलं तर आधी साफ करून धुराची चाचणी करून घ्या, आणि बोळा काढायला विसरू नका.

तळमजला
बैठकीत पन्हळीबरोबर समोरच्या दर्जांचाही विषय काढा. परांची दोनदा उभारायचा खर्च वाचेल. आणि कोटेशनमध्ये 'चुना' असं लेखी घ्या.